शेवंतीनं धुतलेला शिंगाळा

जोयड्याला लोक जंगल बघायला जातात. काही जण काळी नदीत रबरी होडीत बसून आरडाओरडा करायला जातात. मी एका बाईला एक प्रश्न विचारायला गेले होते आणि तो प्रश्न माशाबद्दल होता, तोही समुद्रातल्या. डोंगरात जाऊन समुद्रातल्या माशाची चौकशी करायची म्हटल्यावर घरच्यांचे चेहरे कसे झाले ते सांगत बसत नाही. परत येऊन आता महिना होत आला. तुकड्यातुकड्यानं सगळ्यांना सांगून झालंय, पण एकदा सलग सांगावं असं वाटतंय.

आधी थोडं मागचं सांगते. मी कोल्हापुरात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, येत्या उन्हाळ्यात निवृत्त होईन. ऐन पंचविशीत चार वर्षं मी कारवारच्या किनाऱ्यावर एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. विषय असा होता: समुद्रातला मासा जन्मभर जंतूंनी भरलेल्या पाण्यात राहतो. त्याला खरचटतं, चावे बसतात, तरी तो सहसा सडत नाही. त्याच्या कातडीवर जो बुळबुळीत थर असतो, त्यात काही प्रथिनं असतात आणि ती जंतूंना वाढू देत नाहीत. ती प्रथिनं माशापासून वेगळी काढायची आणि ती खरंच काम करतात का ते बघायचं. मी शिंगाळा निवडला होता. मिशा असलेला, खवले नसलेला आणि पाठीवर विषारी काटा बाळगणारा मासा. बुळबुळीत इतका की साबण बरा.

रोज सकाळी बंदरावरून शिंगाळे यायचे. ते धुवायचे, कातडीवरचा थर खरवडायचा आणि त्याचा अर्क करून बाटलीत भरायचा, हे काम शेवंतीचं. शेवंती जोयड्याकडची, डोंगरातली, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. कारवारला मावशीकडे राहायची आणि आमच्याकडे रोजंदारीवर यायची. तिनं दिलेला अर्क मी कागदाच्या छोट्या टिकल्यांवर घालायची आणि त्या टिकल्या जंतू पेरलेल्या काचेच्या ताटलीत ठेवायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत जंतू वाढून ताटलीवर साय धरल्यासारखं पांढरट दिसायचं. अर्कात काही दम असेल तर टिकलीभोवतीची तेवढी जागा मात्र स्वच्छ राहते. तिला आम्ही वलय म्हणतो. चार वर्षांत ते वलय मला फक्त तीन आठवडे दिसलं. रोज, न चुकता, अंगठ्याएवढं. आणि मग जे गेलं ते गेलंच.

मी चिडले, रडले, पुन्हा पुन्हा करून बघितलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी कारण विचारलं तेव्हा मी शेवंतीच्या देखत म्हणाले, "हिनं बाटल्या इकडच्या तिकडे केल्या असणार. हिला चिठ्ठ्या वाचता येतात कुठे!" शेवंती हातातला मासा तसाच धरून उभी होती. पुढच्या हंगामात तिला कामावर बोलावलं नाही. त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते याची मला आजही खात्री नाही.

प्रबंध दुसऱ्याच विषयावर झाला, नोकरी लागली, संसार झाला. पण बायका उन्हाळ्यात लोणचं घालतात तशी मी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाजारातून शिंगाळा आणून खरवडते. वलय येत नाही. शेवंती गेल्यावर प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर डबा उघडून बसायला कुणी उरलं नव्हतं, आणि तिच्याबरोबर बसून जेवढी हसले तेवढी नंतर कुणाबरोबर हसल्याचं मला आठवत नाही. ती दोन्ही दुःखं माझ्या मनात एकमेकांत इतकी मिसळून गेली होती की मला वलय हवंय की शेवंती, हे मलाच सांगता येत नसे. निवृत्तीच्या आधी निदान तिला विचारायचं ठरवलं: त्या तीन आठवड्यांत तू काय वेगळं केलं होतंस?

रामनगर

बेळगाव, खानापूर करत दुपारी रामनगरला उतरले. आमच्या कॉलेजातल्या एका बाईंचे नातलग इथे मास्तर होते. शेवंतीचा पत्ता आणि फोन नंबर त्यांनीच दोन महिने चौकशी करून काढला होता. रामनगर तसं नवं गाव. सुप्याचं धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या सुप्याची माणसं इथं आणून वसवली, आणि खानापूर-बेळगावकडचे व्यापारीही येऊन राहिले. मास्तरांच्या घरात मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपायचं आणि त्यात मधेच कोकणीचा एखादा शब्द पाहुण्यासारखा येऊन जायचा. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"शेवंतीला भेटायला कोल्हापूरहून?" मास्तर म्हणाले. "तिच्या घरच्यांनी दोनदा विचारलं मला, बाईंचं काय काम हाय म्हनून. मी म्हनलं, मला ठाऊक न्हाई."

"मलाही नीट ठाऊक नाही," मी म्हणाले. त्यावर ते हसले, पण मी काही विनोद केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं? साडी घ्यावी तर तिला काय आवडतं ठाऊक नाही, पेढे घ्यावेत तर ते परक्यासारखं वाटतं. अनमोड घाटानं वर आलेली मासळी बर्फात मांडून बसलेल्या बाईसमोर मी थांबले आणि बघते तर शिंगाळा. दोन चांगले मोठे. घेऊन टाकले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "बाई, लोक जंगलात जाताना बिस्किटं घिऊन जात्यात."

जोयड्याहून पुढे

जोयड्यापर्यंत मासा शहाण्यासारखा राहिला. तिथून बाजारकुणंगच्या बसमध्ये बसल्यावर बर्फ सुटला. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंनी ऐन आणि किंदळाची झाडं, मधेच बांबूची गच्च बेटं, आणि झाडी जरा विरळ झाली की खाली पिवळी पडलेली भातं. मी खिडकीतून बघण्यात गुंग होते. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी मला कोपरानं हलवलं.

"बाई, तुमची पिशवी मुताय लागलीया बघा."

खरंच, पिशवीतून धार लागली होती आणि ती थेट त्यांच्या पोत्याखाली चालली होती. मी घाईनं पिशवी उचलली तर पाणी त्यांच्या धोतरावर. सबंध बस माझ्याकडे वळून बघत होती. कंडक्टरनं कानडीत काहीतरी विचारलं, आजोबांनी कानडीत काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. त्या हसण्यात मला "मीनु" एवढा एकच शब्द कळला, म्हणजे मासा. कंडक्टरनं पिशवी दाराच्या पायरीवर नेऊन ठेवली. आजोबांची मी चार वेळा माफी मागितली. चौथ्या वेळी ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आज घरला गेल्यावर मांजर तरी जवळ येईल." अनोळखी माणसाची चार वेळा माफी मागताना माझी जीभ जराही अडखळली नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं आणि बरं वाटलं नाही.

थांब्यावर शेवंतीचा नवरा धाकू न्यायला आला होता. कमी बोलणारा, काटक माणूस. माझी बॅग त्यानं न विचारता खांद्यावर टाकली, माशांची पिशवी मात्र मलाच धरायला लावली. वाडी तिथून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर. कापलेल्या भाताचे खुंट, कडेला राखणीचे माळे, त्यांवर वाळलेल्या फांद्यांचं छप्पर. गवे आणि रानडुकरं येतात म्हणून पीक उभं असेतो घरातलं कुणीतरी तिथं झोपायला जातं, असं धाकूनं सांगितलं. तेवढंच तो वाटेत बोलला.

शेवंती खळ्यात होती. भाताच्या पेंढ्या फळीवर आपटून झोडपत होती. केस सगळे पांढरे झालेले, साडी गुडघ्याशी खोचलेली. तिनं हातातली पेंढी पुरती झोडली, पेंढा बाजूला टाकला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"आलीस व्हय, अक्का. बस."

इतकंच. कारवारला असताना ती मला अक्का म्हणायची आणि अरेतुरेच करायची. तेच ऐकून मला भरून आलं. घरात नेऊन तिनं तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला. आमच्या कोल्हापुरात आता पाहुण्याला आधी चहा विचारतात आणि पाणी मागावं लागतं. इथं पाणी आणि गूळ पोटात गेल्याशिवाय कुणी काही विचारत नाही. मला ती मुदत फार उपयोगी पडली, कारण इतके दिवस पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"पिशवीत काय हाय?"

"शिंगाळा."

"शिंगाळा!" ती पहिल्यांदा हसली. समोरचा एक दात पडला होता, पण हसू तेच. "किती वर्सं झाली गं बघून. हितं कोन आनतंय? येतोय त्यो बांगडा नायतर सुका मासा." तिनं उजव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं. त्यावर काट्याचा जुना वण होता. "ह्यो बघ. तुझ्या शिंगाळ्यानं दिलेला."

परसात

ऊन कलल्यावर ती मासे घेऊन परसात गेली आणि मी मागोमाग. एका दगडावर बसले. तिनं मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं. मग चुलीवरच्या शिंक्यातून एक कापडी पुरचुंडी आणली आणि मूठभर तपकिरी, वाळक्या चकत्या त्या पाण्यात सोडल्या. त्या थोड्या भिजल्यावर तिनं पाण्यात हात घालून त्या कुस्करल्या आणि शिंगाळा त्यात बुडवून चोळायला लागली. पाठ, पोट, कल्ल्यांमागे, शेपटीपर्यंत.

"हे काय करतेस?"

"धुतेय की."

"त्या चकत्या कसल्या?"

"वाटं हाय. आंबट असतंय. कानडीत वाटेहुळी म्हन्त्यात." फणसाच्या जातीचं हे रानातलं फळ, लहान आणि आंबट. चकत्या करून उन्हात वाळवून वर्षभर ठेवतात, हे तिनं मला चोळता चोळता समजावलं. "दर्याचा मासा वाट्याच्या पान्यात धुतल्याबिगर कसा खायचा? घाट चढून येईस्तवर वास मारतोय त्यो. माझी आय तसंच धुवायची. सासूबी तसंच."

 किनाऱ्यावरची बाई मासा असा धुणार नाही. तिला कधी शिळा मासा घरात घ्यावाच लागत नाही. ही डोंगरातली रीत, ज्यांच्यापर्यंत समुद्र दोन दिवस उशिरा पोचतो त्या माणसांची.

"शेवंती, आमच्या प्रयोगशाळेत तू मासा कशानं धुवायचीस?"

"तुमच्या त्या मिठाच्या पान्यानं. तू करून ठेवायचीस ते."

"नेहमी?"

तिचे हात थांबले. तिनं थोडं आठवलं, मग अगदी सहज म्हणाली, "एकदा चवथीला घरला आलते बघ मी. जाताना मावशीला म्हनून वाटं नेलं हुतं. त्यातली एक पुडी तिकडं ठिवली. सरंस्तवर त्यात धुतलं."

"किती दिवस पुरली पुडी?"

"पुरली की. पंधरा-वीस दिस."

गणेशचतुर्थीनंतरचे तीन आठवडे. मी इतकी वर्षं चंद्राची भरती-ओहोटी तपासली, समुद्राचं तापमान तपासलं, माशांचा विणीचा काळ तपासला.

"कुणाला विचारून घातलंस ते?" माझा आवाज बहुतेक चढला असावा.

"तुला," शेवंती म्हणाली. "तुझ्या ताटलीत भलतंच कायतरी उगवत हुतं. माझ्यावर वराडलीस तू. म्हनलीस, घरी खायला धुतेस तसा धू नीट! म्हनून घरच्यासारखा धुतला."

म्हणाले होते. शब्द न शब्द आठवला. टिकलीच्या कडेनं बुरशी आली होती आणि माझा पारा चढला होता. शेवंतीनं सांगितलेलं काम सांगितल्यासारखं केलं होतं आणि त्याबद्दल मी तिला अडाणी ठरवलं होतं.

आंबट पदार्थात बहुतेक जंतू वाढत नाहीत, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. लोणचं त्याच जोरावर टिकतं. कातडीवर राहिलेला आंबटपणा खरवडलेल्या थरात उतरला असणार आणि तिथून टिकलीवर. अर्क आंबट आहे का हे निळ्या लिटमस कागदानं बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही. वलय दिसल्यावर मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

पण आशा म्हणजे मोठी लोचट गोष्ट. दगडावर बसल्या बसल्याच मला दुसरा विचार सुचला. प्रथिनं बाहेर काढायला प्रयोगशाळेत मुद्दाम सौम्य आम्ल वापरतात. कदाचित वाट्याच्या आंबटपणानं शिंगाळ्याच्या थरातली अडकून बसलेली प्रथिनं सुटी झाली असतील, आणि वलय त्यांचंच असेल. तसं असेल तर माझं सगळं आयुष्य वाया गेलं नव्हतं, फक्त पुडी संपली होती. मी हे शेवंतीला हातवारे करत सांगितलं. तिनं मासा चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माशात हाय का न्हाई?"

"माहीत नाही. करून बघावं लागेल."

"मग कर की. आत्ता जेव."

जेवण काय सांगू! वाट्याचीच आमटी, त्यात शिंगाळा, नव्या तांदळाचा भात. बरोबर मुडली नावाचा मोठा कंद, निखाऱ्यात भाजून मिठाबरोबर, आणि तांबड्या मुंग्यांची चटणी. ती मी डोळे मिटून तोंडात घातली आणि डोळे उघडून पुन्हा मागितली. आम्ही कोल्हापूरकर तिखटाचा तोरा मिरवतो, पण आंबट कसं खावं हे ह्या लोकांकडून शिकावं. धाकू माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई खात्यात की!" हे त्याचं दुसरं वाक्य.

पाण्यावर

सकाळी शेवंतीबरोबर ओढ्यावर गेले. धुकं होतं, वर कुठंतरी धनेशाच्या पंखांचा मोठा आवाज झाला, पक्षी मात्र दिसला नाही. ती घागर विसळत होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणाले, "शेवंती, मी सरांसमोर तुला जे बोलले ते फार वाईट होतं. माझं चुकलं."

ती घागर विसळत राहिली. "चिठ्ठ्या वाचाय येत न्हाईत म्हनलीस."

"हो."

"सातवी झालती माझी. मराठी, कन्नड, दोनी वाचाय येत हुतं. तुझं अक्षरच असलं की तुझं तुला लागायचं न्हाई."

मला हसू आलं आणि रडूही. तिला दोन्ही नाही आलं.

"त्याचं काय न्हाई गं," ती म्हणाली. "राग आला तवा आला. पन म्होरल्या वर्साला पत्र येईल म्हनून मी रोज पोष्टमनला इचारायची. लगीन ठरलं तरी इचारायची. आय म्हनायची, तुला काय त्या वासाचं येड लागलंय. मला त्यो दर्या आवडायचा, अक्का. दुपारचं आपन पायरीवर बसायचो, ते आवडायचं. मला वाटायचं, अक्काला राग हाय, म्हनून पत्र न्हाई. राग गेला की येईल." घागर भरून तिनं डोक्यावर घेतली. "दर्या हाय का गं तसाच?"

"मी पण पुन्हा गेले नाही," मी म्हणाले. कोल्हापूरहून कारवार काही लांब नाही. का गेले नाही याचं कारण मला तिच्यासमोर सांगता आलं नाही, पण ते तीच होती. ती पायरी मला एकटीला बघवली नसती.

त्या दिवशी मी खळ्यात भात झोडायचा प्रयत्न केला. दहा पेंढ्यांत हाताला फोड आला. शेवंतीनं माझ्या हातून पेंढी काढून घेतली आणि मला पेंढा गोळा करायच्या कामावर बसवलं, कारवारला मी तिला बसवायची तसं.

गणेशगुडी

तिसऱ्या दिवशी निघाले तर शेवंती म्हणाली, मी येते गणेशगुडीपर्यंत. तिथं तिच्या नात्यात कुणाकडे तरी जायचं होतं म्हणे. धाकूकडे बघून मला कळलं की असं काही काम नव्हतं.

गणेशगुडीला नदीकाठी रबरी होड्यांत बसलेली मुलंमुली केशरी जाकिटं घालून किंचाळत चालली होती. शेवंती त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. मग तिनं वर, सुप्याच्या धरणाच्या दिशेनं हात केला. "माझ्या आयचं माहेर त्या पान्यात हाय. उन्हाळ्यात पानी उतरलं की आय काठावर यायची. कायतरी दिसंल म्हनून बसायची."

"दिसायचं?"

"चिखूल. पन यायची. मरंस्तवर आली."

बस लागली तेव्हा तिनं पदराखालून वाट्याची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. "करून बघ. माशात निघालं तर कळीव."

"आणि नाही निघालं तर?"

"तरीबी कळीव." वाडीत फोनला रेंज नसते. रविवारी दुपारी ती डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीपाशी चढून येईल आणि मी तेव्हा फोन करायचा, असं ठरलं. बस सुटली तेव्हा मी हात हलवला. तिनं हलवला नाही. ती नुसती बघत उभी होती.

कोल्हापूर

आल्या आल्या बाजारातून शिंगाळा आणला. ह्या वेळी सगळं नियमानं केलं, पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं. ताटलीत चार टिकल्या: एक नुसत्या मिठाच्या पाण्याची, एक नुसत्या शिंगाळ्याच्या अर्काची, एक नुसत्या वाट्याच्या पाण्याची आणि एक वाट्यात धुतलेल्या शिंगाळ्याची. शेजारच्या ताटलीत तोच शेवटचा अर्क, पण सोडा घालून आंबटपणा मारलेला. प्रथिनं असतील तर ती तिथंही काम करतील. पाचव्या टिकलीवर माझी सगळी भिस्त होती. ताटल्या उबदार पेटीत ठेवताना मी देवाचं नाव घेतलं. विज्ञानाच्या शिक्षिकेनं तसं करू नये म्हणतात.

सकाळी पेटी उघडली. मिठाच्या पाण्याभोवती काही नाही, शिंगाळ्याभोवती काही नाही. वाट्याभोवती वलय. वाट्यात धुतलेल्या शिंगाळ्याभोवती वलय, किंचित लहानच. ते मी ओळखलं. अंगठ्याएवढं, स्वच्छ, अगदी तेव्हासारखं. मग दुसरी ताटली बघितली. ती कडेपासून कडेपर्यंत पांढरी होती. पाचवी टिकली सायीत बुडाल्यासारखी पडली होती.

तीनदा करून बघितलं. तीनदा तेच. दुसऱ्या कुणाला दुसऱ्या माशांत अशी प्रथिनं मिळत असतील, मिळतातही. मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं झुरले तो नुसता आंबटपणा होता. कुणी लिंबू पिळलं असतं तरी चाललं असतं. त्या दिवशी वर्गात मुलांना मी हे सगळं सांगितलं, लिटमसच्या कागदासकट. मुलं हसली.

रविवारी दुपारी फोन केला. तिकडे वारा फार होता.

"निघालं का?" शेवंतीनं आधी तेच विचारलं.

"नाही गं. माशात काही नाही. सगळं वाट्याचं होतं."

 चढून आल्यामुळं लागलेली तिची धाप ऐकू येत होती.

"म्हंजे माझ्यामुळं तुझं सगळं वाया गेलं."

"तुझ्यामुळं नाही. मी विचारलं नाही म्हणून."

पुन्हा वारा. मग ती हळूच म्हणाली, "मग आता तुला हिकडं यायचं काय कारन ऱ्हायलं न्हाई म्हन."

 नवा प्रयोग सांगावा, वाटं आणखी हवं म्हणावं, असं काहीबाही मनात येऊन गेलं. शेवटी जे खरं होतं तेच बोलले. "शेवंती, मला तुझ्याकडे यायचंय गं. नुसतं."

"मग ये की," ती म्हणाली. "इतकी वर्सं कुनी अडवलं हुतं?"